निघण्याचं स्वागत

पेन्सिलीची ती खूण इतकी पुसट होती, की कागदाचाच काही दोष असेल म्हणून बाईंनी आधी ती बोटानं झाडून पाहिली. झडली नाही. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला. एकेचाळिसाव्या पानावर, समासात, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात मुद्रितशोधकांनी लिहिलं होतं : ‘हाच शब्द पान २१२ वर रडणे असा दिला आहे. एकच शब्द, दोन अर्थ. कोणता ठेवायचा?’ बाकी कुठे काही नाही. दोनशे ऐंशी पानांच्या गठ्ठ्यात वेलांट्या, अनुस्वार, सुटलेले पूर्णविराम यांच्या लाल खुणा होत्या. पेन्सिलीची एवढी एकच, जणू मोठ्यानं विचारू नये असं त्यांनाही वाटलं असावं. बाईंनी गठ्ठा मिटला. पुन्हा उघडला. उठून खिडकी लावली, बसल्या, गुदमरल्यासारखं झालं म्हणून पुन्हा उठून उघडली. साडेदहा वाजले होते. पानं चारपर्यंत छापखान्यात परत हवी होती.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या आजच्या साहित्यावर बाईंनी बत्तीस वर्षांत जे लिहिलं, ते सगळं या गठ्ठ्यात होतं. ‘तिकडचं तुम्हाला काय पडलंय हो एवढं?’ असं लोक विचारत तेव्हा त्या म्हणत, ‘मोठ्या भाषेच्या शेजारी राहणाऱ्या लहान भाषा कशा जगतात ते बघते.’ उत्तर पाठ होतं आणि खरंही होतं. पण खरी सुरुवात एकेचाळिसाव्या पानावर झाली होती. विद्यापीठात नव्यानं लागलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी सव्वीस वर्षांची मुलगी ग्रंथालयातून एक स्कॉटिश कादंबरी घरी नेते. मासेमारीच्या गावात वाढलेल्या बाईनं तिथल्या बोलीत लिहिलेली. एका पानावर लेक घर सोडून बोटीवर जायला निघते आणि आई दारात उभी असते, ‘ग्रीटिन’. शेवटचं अक्षर बोलीत गळलं असणार, मूळचं ‘ग्रीटिंग’, म्हणजे स्वागत करत, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं. मुलगी थबकली. येणाऱ्याचं स्वागत करतात, जाणाऱ्याचं कसं? मग त्या विचित्रपणाचाच तिला अर्थ लागला आणि अंगावर काटा आला. तिनं ते पान मराठीत आणलं : ‘दारात आई उभी होती, जाणाऱ्या लेकीचं स्वागत करत.’ त्याच्यापुढे नऊ पानांचा लेख लिहिला, की ही आई निरोप देतच नाही, ती लेकीच्या जाण्यालाच घरात घेते, पाहुण्यासारखं. लेखाला नाव दिलं, ‘निघण्याचं स्वागत’. मासिकात छापून आला आणि बघता बघता त्या दोन शब्दांना पाय फुटले. ते अभ्यासक्रमात गेले, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत गेले, दुसऱ्यांच्या प्रबंधांत गेले. एका चर्चासत्रात एका वक्त्यानं पंचवीस मिनिटांत ते एकोणतीस वेळा घेतले. बाईंनी मागच्या रांगेत बसून वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढून मोजले होते. कशासाठी मोजले, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कारण तेव्हा त्यांना कळून चुकलेलं होतं.

दार ढकलून विभागप्रमुख आत आल्या. बाईंचीच विद्यार्थिनी, आता बाईंची साहेब, आणि या उलटापालटीची थट्टा तीच जास्त करी. ‘मॅडम, प्रकाशनाच्या कार्यक्रमात तुम्ही निघण्याच्या स्वागतावरच बोलायचं. नाही म्हणायचं नाही. पत्रिकेत छापून टाकतेय.’

‘दुसरं काही चालणार नाही का? आयर्लंडवर बोलते की.’

‘आयर्लंडला कोण विचारतंय? माझ्या प्रबंधाचं अख्खं दुसरं प्रकरण त्या दारातल्या आईवर उभंय. तुमच्या त्या बाईनं मला नोकरी दिली, मॅडम. माझ्या सख्ख्या आईनं फक्त टोमणे दिले.’ ती स्वतःच हसली, टेबलावरचा गठ्ठा प्रेमानं थोपटला, नेमका जिथे ती पेन्सिलीची खूण होती तिथे वरून, आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात लांब लांब गेला, तरी बाई हसरा चेहरा तसाच धरून बसल्या होत्या, जणू तो खाली ठेवायला जागा सापडत नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या तीन महिने स्कॉटलंडमधल्या एका बंदराच्या गावी राहिल्या होत्या. आता पोचलो एकदाचे आपल्या गावी, अशा भावनेनं गेल्या होत्या. चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी जिना उतरताना खालच्या मजल्यावरची घरमालकीण दारात दिसली, कडेवर नातू, आणि सहज म्हणाली, लक्ष देऊ नका हो त्याच्याकडे, तो नुसता ‘ग्रीटिन’. बाईंना भरून आलं. शब्द! त्यांचा शब्द, जिवंत, कुणाच्या तरी तोंडात! स्वागत करतोय काय लबाडा, म्हणून त्या वाकल्या, दोन्ही हात पुढे करून बाळाला हॅलो म्हणाल्या. आणि लाल बिटासारखं झालेलं ते तोंड, मिटलेले डोळे, नाकातून ओघळणारं पाणी, कानठळ्या बसवणारा टाहो हे सगळं त्यांना एकदम, पण एक क्षण उशिरा दिसलं. घरमालकीण हसून हसून बेजार झाली. बाईही हसल्या. शब्द समजावून घेतला. आमच्याकडे ग्रीट म्हणजे रडणं, त्या साहेबांच्या इंग्रजीत असेल स्वागत. बाई बाहेर पडल्या, चार पावलं गेल्या आणि बंदराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर मटकन बसल्या. जाळ्यांचा वास, पक्ष्यांचा कलकलाट. दारात आई उभी होती, रडत. एवढंच. लेक जाते, आई रडते. याच्यावर नऊ पानं तर सोडाच, नऊ शब्दही लिहायची गरज नव्हती.

परत आल्यावर त्या सांगणार होत्या. खरंच सांगणार होत्या. पण त्याच जूनमध्ये लेख पदवीच्या अभ्यासक्रमाला लागला. मग म्हटलं, हे वर्ष जाऊ दे. मग पुढचं. हळूहळू त्यांनी स्कॉटलंडकडून आयर्लंडकडे अभ्यासाचा मोर्चा वळवला आणि लोक म्हणाले, काय हा आवाका, थांबत नाहीत बाई! पळणाऱ्या माणसाला लोक गतिमान म्हणतात हे तेव्हा त्यांना कळलं. आयरिश भाषेनं मात्र त्यांना जवळ केलं. त्या भाषेत मी दुःखी आहे असं म्हणत नाहीत, दुःख माझ्यावर आहे असं म्हणतात. पांघरुणासारखं वर असतं, उद्या दुसऱ्या कुणावर असेल. हो आणि नाही यांना तिथे सुटे शब्द नाहीत. विचारलेलं क्रियापदच उत्तरात परत द्यायचं. आलास का? आलो. पाहिलंस का? नाही पाहिलं. पळवाटच नाही, जे केलं त्याचं नाव घेऊनच बोलावं लागतं. त्यावर बाईंनी छान लेख लिहिला होता. आणि गेल्या वर्षी, एका नव्या स्कॉटिश कादंबरीवर लिहिता लिहिता, तिथल्या एका वाक्याला त्यांनी सहज तळटीप दिली होती : ‘ग्रीटिन : रडत, रडणारी.’ हात आपोआप चालला होता. की आपोआप चालला नव्हता?

त्यांनी मुद्रितशोधकांना फोन लावला. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला, पण बोलणं असं, की चूक आपल्याच हातून झाली.

‘बाई, शंका काढली म्हणून राग नाही ना आला?’

‘राग कसला? मला फक्त विचारायचं होतं, तुमच्या लक्षात आलं कसं? मधे पावणेदोनशे पानं आहेत.’

‘मला इंग्रजी बेताचंच. मी अर्थ बघतच नाही, अक्षरं बघतो. ग्री दीर्घ, टि ऱ्हस्व, न. एकेचाळीसवर भेटला, दोनशे बारावर परत भेटला. ओळखीचा माणूस दुसऱ्या गावात दुसरं नाव सांगताना दिसला, तर आपण हटकतोच की नाही?’

‘हटकतो,’ बाई म्हणाल्या.

‘तुम्ही काळजी नका करू. सोपं आहे. दोनशे बाराची तळटीप एका ओळीची. ती काढून टाकली तर पान हलत नाही, काही नाही. एकेचाळीसला हात लावला तर मात्र पुढची नऊ पानं बोंबलत उठतील. मला काय, एकसारखं झालं म्हणजे झालं.’

‘कुणाला कळणार नाही,’ बाईंनी विचारलं की सांगितलं, त्यांनाच समजलं नाही.

‘कुणाला कळतंय? तळटिपा वाचतो कोण? मी सोडून.’ ते खाकरले. ‘चारपर्यंत पाठवा तेवढं.’

बाईंनी लाल पेन उघडलं, दोनशे बारावं पान काढलं. ती ओळ पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पडून होती. एक आडवी रेघ मारायची. मनगट टेकवलं, आणि तेवढ्यात टोपणच सापडेना. टोपण हातात होतं. मग वाटलं, घरीच जावं. घरी जाऊन मारू रेघ. गठ्ठा दोऱ्यानं बांधला, पिशवीत घातला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, चष्मा टेबलावर राहिला म्हणून परतल्या. चष्मा नाकावर होता. शिपाई म्हणाला, ‘बाई, काही हरवलं का?’ त्या म्हणाल्या, ‘हरवलं.’ आणि काय ते न सांगताच जिना उतरल्या.

बसला गर्दी नव्हती तरी त्या उभ्या राहिल्या. बसलं, की ते वाक्य मांडीवर येऊन बसत होतं. बाहेर एकामागून एक दारं जात होती, दुकानांची, दवाखान्यांची, अर्धी उघडी, आणि बाई प्रत्येक दारात कुणी उभं आहे का ते बघत होत्या. स्वतःच्या घराचं दार त्यांनी बघितलं नव्हतं. हेच तर सगळ्याच्या मुळाशी होतं. पंचविसाव्या वर्षी नोकरीसाठी त्या घर सोडून निघाल्या, तेव्हा वडील पुढच्या खोलीत खाटेवर होते. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. काही हवं असलं की स्टीलची वाटी खाटेच्या दांड्यावर आपटायचे. जाऊ नको असं कुणी म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. सकाळी साडेसहाची गाडी. दादा ट्रंक घेऊन पुढे, आणि मागे आई दारापर्यंत आली एवढं पावलांवरून कळलं. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळणावर केशकर्तनालय होतं, नुकतंच उघडलेलं, आणि त्याच्या मोठ्या आरशात मागची अख्खी गल्ली, घराच्या दारासकट, दिसायची. लहानपणी शाळेतून येताना त्या आरशात बघूनच कळायचं, आई दारात आहे का. त्या सकाळी आरशासमोरून जाताना त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या चपला बघितल्या. डाव्या चपलेचा अंगठा नवा शिवलेला होता, दोरा पांढरा. तो दोरा अजून दिसतो. दार दिसत नाही. आणि मग वर्षाच्या आत ती कादंबरी हातात आली, तो शब्द आला, आणि रिकाम्या चौकटीत त्यांनी घाईघाईनं एक आई उभी केली, स्वागत करणारी. चूक वाचनात नव्हतीच. चूक हवी होती म्हणून वाचली गेली होती. लेख छापून आल्यावर सगळ्यांनी पत्रं पाठवली, दादानं कार्ड पाठवलं : ‘तुझ्या त्या परदेशी आईला विचार, तिच्या घरी खाटेवरचं माणूस होतं का.’ पुढे वडील गेले, दादा त्याच्या संसारात गेला, आई बाईंकडे राहायला आली. कार्डाचा विषय कुणी काढला नाही.

एक थांबा आधीच उतरून त्या चालत निघाल्या, भलत्याच गल्लीत शिरल्या, बाहेर आल्या. लोक आपापल्या वेगानं चालले होते आणि बाईंना वाटलं, या एवढ्या माणसांत प्रत्येकाचा असाच एक शब्द असेल काय, चुकीचा वाचलेला, आणि त्याच्यावर बांधलेलं घर.

आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, त्यामुळे डोळ्यांत दिवसातून चारदा थेंब आणि एरवी हिरवा चष्मा. दाणे वाटीत, सालं मांडीवरच्या कागदावर. भिंतीवर, देवाच्या फळीच्या खाली, दारातल्या आईचं ते पान होतं. मासिकातून कापलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, कडांनी पिवळं. आईचा नेम होता : आंघोळ झाली, देवापाशी हात जोडले, की चहाच्या आधी ते पान उभ्यानं, मोठ्यानं एकदा वाचायचं. तोवर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तापात चुकला नाही. ऑपरेशनच्या दिवशीही दवाखान्यात तोंडपाठ म्हटलं, आणि नर्स ‘आजी, कुठलं स्तोत्र हो?’ असं विचारत होती. बाई रोज सकाळी आत, दात घासताना, ते ऐकत. नळ मोठा सोडत.

‘आज लवकर?’

‘पानं द्यायचीत छापखान्यात. चारला.’

‘मग दे की. तोंड का एवढं उतरलंय? जेवली नाहीस?’

‘जेवले.’ हे खोटं होतं. ‘आई, तू रोज ते पान वाचतेस ना.’

‘हं.’

‘त्यात एक शब्द चुकलाय.’

‘छापणाऱ्यांना अक्कल कुठं असते.’

‘छापणाऱ्यांचा नाही. माझा चुकलाय.’

आईचा हात शेंगेवर थांबला. ‘कुठला?’

‘स्वागत. मूळ शब्दाचा अर्थ स्वागत नाहीच. रडत असा आहे. ती आई दारात रडत होती, आणि मी...’

आईनं शेंग फोडली. पाच दाणे होते, एक किडका. तो बाजूला टाकला. ‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘रडणारच.’

‘तुला माहीत होतं?’

‘त्यात माहीत काय असायचंय? लेक चाललीय आणि आई स्वागत करतेय. अशी असते का कुठली बाई?’

‘मग बोलली का नाहीस मला?’

‘मला कुठं येतं तुझं इंग्रजी? म्हटलं, असतील बाबा तिकडच्या बाया तशा. थंडीत राहतात.’

बाईंना हसू आलं, आणि हसू आलं याचाच धक्का बसला. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. पिशवी अजून खांद्यालाच होती. दीड वाजला होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. थांबे, पुन्हा ठोके. बत्तीस वर्षं जो प्रश्न त्यांनी दोन देशांच्या साहित्याला निरनिराळ्या शब्दांत विचारला होता, तो आता मोजक्या शब्दांचा होऊन जिभेवर आला.

‘आणि तू? मी निघाले तेव्हा. तू रडत होतीस?’

‘होते.’

‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. होते. बाईंना वाटलं, हे उत्तर ऐकायला आपण केवढा समुद्र ओलांडून गेलो.

‘खूप?’

‘तू वळणापर्यंत जाईस्तोवर. मग आतून वाटी वाजली. गेले आत.’

‘माझ्यावर रागावली होतीस?’

‘रागावले होते.’ आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला. ‘जाण्यावर नव्हे. जायचंच होतं तुला, मला का ते कळत नव्हतं? पण निघताना तू जाते म्हणालीस. चौकटीत उभी राहून, ट्रंकेकडे बघत, जाते म्हणालीस. येते म्हणतात, बाई. घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का? खाटेवरचं माणूस ऐकत होतं आत.’

बाईंना हे आठवत नव्हतं. पांढरा दोरा आठवत होता, गाडीची वेळ आठवत होती, हे नव्हतं. म्हणजे चुकीचा शब्द एकेचाळिसाव्या पानावरचा नव्हताच. तो त्याच्याही आधीचा होता, चौकटीतला, मराठीतला, त्यांच्या स्वतःच्या तोंडचा.

‘मग रोज का वाचतेस ते?’ त्यांचा आवाज चढला, आणि चढला तसा त्यांना नको होता. ‘बत्तीस वर्षं! खोटं होतं ते, तुला ठाऊक होतं खोटं आहे. मी आत नळ सोडून उभी राहते, आई, मला ऐकवत नाही ते.’

‘नळ सोडतेस ते कळतं मला. पाणी किती वाया जातं.’ आई जराही हलली नाही. ‘खोटं होतं म्हणूनच वाचते. खरं असतं तर एकदा वाचून भागलं असतं.’

खिळा ठोकणं थांबलं होतं.

‘नेम कशाचा करतात?’ आई म्हणाली. ‘जे आपल्याच्यानं सहज होतं त्याचा कुणी करत नाही. मी दारात रडले होते. तू लिहिलंस, आई स्वागत करते. म्हटलं, लेकीनं मोठ्या विश्वासानं लिहिलंय, आपल्याला जमतंय का बघू. आज नाही जमलं, उद्या.’

‘जमलं?’

‘एखाद्या दिवशी जमतं.’ तिनं पुढची शेंग घेतली. ‘तू फोन न करता उशिरा येतेस त्या दिवशी परत पहिल्यापासून.’

दाणे वाटीत टाकून आईनंच विचारलं, ‘आता बदलणार शब्द?’

‘बदलू?’

‘मला काय विचारतेस? पुस्तक तुझं. माझं पान मात्र मी बदलणार नाही.’

बाईंनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गठ्ठा सोडला. एकेचाळिसावं पान. ‘जाणाऱ्या लेकीचं स्वागत करत’ या शब्दांवर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘रडत’. तीनच अक्षरं. पुढची नऊ पानं त्या शब्दाकडे वळून बघू लागली. त्यांना बाईंनी हात लावला नाही. पानाच्या तळाशी टीप लिहायला घेतली : ‘मूळ शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला गेल्याचे अलीकडे लक्षात आले.’ वाचून पाहिली. सभ्य, नेटकी टीप; छापली तर कुणी भुवईही उचलणार नाही. ‘घेतला गेल्याचे’ म्हणजे कुणी घेतला? ‘अलीकडे’ म्हणजे केव्हा? आयरिशमध्ये असं लपता आलं नसतं, असं वाटलं आणि लगेच वाटलं, मराठीत तरी का यावं? त्यांनी सगळी ओळ खोडली आणि खाली, बारीक पण सरळ अक्षरात लिहिलं : ‘इथला मूळ शब्द मी सव्विसाव्या वर्षी स्वागत करत असा वाचला. त्याचा अर्थ रडत असा आहे. ही चूक मला एकोणीस वर्षांपूर्वी कळली आणि मी गप्प राहिले. पुढचा लेख त्या चुकीवर उभा आहे. तो तसाच ठेवला आहे.’ शेवटचा पूर्णविराम जरा आडवा पडला, स्वल्पविरामासारखा. विभागप्रमुखांचं दुसरं प्रकरण, पत्रिका, मागच्या रांगेतल्या एकोणतीस रेघा हे सगळं उद्या सकाळी समोर येणार होतं. ती म्हणेल, मॅडम, मला तरी आधी सांगायचंत. सकाळपासून त्या लपलेल्या माणसासारख्या वावरत होत्या, आता दार वाजवायला निघालेल्यासारख्या.

मुद्रितशोधकांनी फोनवर टीप ऐकून घेतली.

‘पाच वाक्यं,’ ते म्हणाले. ‘पान हलेल.’

‘हलू दे.’

‘एकेचाळीस हललं, की पन्नासपर्यंत हलणार. उद्याचा माझा अख्खा दिवस मोडला, बाई.’

‘माझ्यामुळे मोडला. मला माहीत आहे.’

‘छे, छे.’ मग ते हळू म्हणाले, ‘बरं झालं. दोन्ही गावांत आता एकच नाव सांगेल.’

तीन वाजून गेले होते. बाईंनी दोरा बांधला, गाठ दोनदा मारली, पिशवी घेतली. आई उठून मागोमाग दारापर्यंत आली, पावलांवरून कळलं. बाई चौकटीबाहेर पडल्या, आठ पायऱ्या उतरल्या, जिना वळतो तिथल्या चौकोनात आल्या आणि थांबल्या. भिंतीवर आरसा नव्हता, काही नव्हतं, डबक्याच्या आकाराचा ओलीचा डाग होता. त्यांनी कठड्याला धरलं आणि मागे वळून वर पाहिलं.

दारात आई उभी होती. एक हात चौकटीला, हिरवा चष्मा कपाळावर, पदराला मटाराचं एक साल चिकटलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थेंब घातले, की अर्धा तास वाहतंच. पण दुपारचे थेंब घातले होते की नव्हते हे बाईंना आठवेना, आणि आईचे ओठ हलत होते, तेही काय म्हणत होते ते इतक्या खालून ऐकू येईना.

‘काय बघतेस?’ आईनं वरून विचारलं. ‘चार वाजतील.’

‘बघतेय.’

‘बघून झालं?’

‘नाही झालं.’

बाई आणखी जरा तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘येते, आई.’

आईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, चौकटीचा हात सोडला, आणि कुणी लांबून चालत येऊन उंबऱ्याशी पोचल्यावर ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात म्हणाली,

‘ये.’